नांगराचा रविवार

कृपापूर, नाशिकजवळ
सोमवार, ता. ११ मार्च १९३५

परमप्रिय बाबांस हनोखचा सलाम.

वर 'तीर्थरूप' लिहिलेले नाही, ते विसरून नव्हे. तो शब्द आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांनी लिहावा की नाही यावर शाळेत दोन मते आहेत, आणि जिथे दोन मते असतात तिथून मी लांब राहतो. आदर तोच आहे.

खाजाभाई, हे पत्र तुम्हीच बाबांना वाचून दाखवत असाल. गिरणाऱ्यात त्यांचा दुसऱ्या कुणाच्या वाचण्यावर विश्वास नाही. बैलाचा पाय मांडीवर घेऊन नाल ठोकता ठोकता तुम्ही वाचता असे ऐकले, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. कृपा करून घाईने वाचू नये.

बाबा, तुम्ही हौश्या-गुलब्याची बैलजोडी घेऊन गिरणाऱ्याला कुसाआत्याकडे गेलात त्याला अठरा महिने झाले. माझ्या दोन पत्रांना उत्तर आले नाही, म्हणून तिसरे लिहीत नव्हतो. आता बातमीच तशी आहे म्हणून लिहितो. पेरणीआधी, २६ मेच्या रविवारी, आपल्या देवळात नांगरांना आशीर्वाद देणार आहेत.

हे कसे झाले ते क्रमाने सांगतो. जुने साहेब विलायतेला परत गेले आणि दिवाळीनंतर नवे पाद्री आले. त्यांचे नाव शमुवेल रेवदंडकर. समुद्राकाठचे आहेत. त्यांचे आजोबा गलबतावर होते. गेल्या महिन्यात त्यांनी उपदेश केला, की शास्त्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. "वादळ आले की नांगर खाली टाकावा आणि मग जागचे हलू नये," असे ते तीन वेळा म्हणाले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. उपासना संपल्यावर म्हाताऱ्या लंकाबाईने त्यांना दारातच धरले.

"पाद्रीबाबा, नांगर टाकून समदेच बसून ऱ्हायले, तं पेरायचं कोणी?"

पाद्रीसाहेबांना आधी काही कळेना. मग त्यांनी कोळशाने फरशीवर गलबताचा नांगर काढून दाखवला. त्याचे दोन आकडे पाहून लंकाबाई म्हणाली, "ह्यो कशाचा नांगर? ह्यो तं विहिरीतून पोहरा काढायचा गळ हाय." सगळे हसले. पाद्रीसाहेबांच्या तर डोळ्यांतून पाणी आले हसून. मला वाटले ते आतून रागावले असतील. तसे नव्हते. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "समुद्रावर नांगर थांबवतो आणि तुमच्या रानात नांगर चालवतो. मी तुम्हाला वर्षभर नुसते थांबायला सांगत राहिलो असतो. या म्हातारीने वाचवले." मग त्यांनी सांगितले की पेरणीच्या आधी शेतासाठी विनवणी करण्याचा एक रविवार जुन्या उपासनेत नेमलेलाच आहे, आपल्याकडे तो कुणी पाळत नाही एवढेच. त्या दिवशी सर्वांनी आपापला नांगर घेऊन यायचे.

तुम्ही जाताना म्हणाला होतात, "ज्या देवळाच्या दारात माझे बैल उभे ऱ्हात नाय, त्या देवळात मी पाय ठिवणार नाय." नांगर म्हणजे बैल नव्हे हे मला समजते. तरी कळवले.

आई बरी आहे. पंचवटीच्या बाजारात मेथी घेऊन जाते. तुमचे नाव घेत नाही. पण गिरणाऱ्याकडची भाजीची गाडी आली की त्या गाडीवानाला कोथिंबिरीचा भाव विचारत उगीच उभी राहते. आपल्याकडे कोथिंबीर घरचीच आहे.

आपल्या मंडळीच्या पंचांतले रंगनाथ मास्तरच तुमच्या जाण्याला कारण, असे तुम्ही सगळ्यांना सांगता. तो सगळाच दोष त्यांच्यावर येत नसेल असे मला वाटते. का ते या पत्रात लिहीत नाही, कारण कागद संपला.

तुमचा मुलगा,
हनोख

*

कृपापूर
बुधवार, ता. ३ एप्रिल १९३५

परमप्रिय बाबांस सलाम.

उत्तर मिळाले. चार वेळा वाचले. खाजाभाईंनी तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. ('आशिर्वाद' असे लिहिले आहे. 'शी' दीर्घ हवी. राग नसावा.) खाजाभाईंनी खाली स्वतःचेही एक वाक्य जोडले आहे: "कागद संपला म्हणतोस पोरा, पण खाली चार बोटं जागा मोकळी हाय." ती जागा होती हे खरे आहे. त्यावर नंतर लिहीन.

तुमचा निरोप मी पाद्रीसाहेबांना वाचून दाखवला. "नांगर चालतो, मंग बैलानं काय घोडं मारलं? नांगर काय पाद्री वढणार हाय?" हे वाचताना गाळावे का असे एकदा मनात आले, पण गाळले नाही. पाद्रीसाहेब चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हा माणूस कोण?"

मी म्हणालो, "माझे वडील."

"मग इथे का नाहीत?"

मी सांगितले ते इतकेच, की १९३३ च्या पोळ्याच्या दिवशी तुम्ही बैल देवळासमोर आणून उभे केलेत, आणि ती मूर्तिपूजा झाली असे ठरून तुमचे प्रभुभोजन बंद करण्यात आले. पश्चात्ताप केल्याखेरीज सुरू करायचे नाही असा ठराव झाला. तुम्ही म्हणालात, "कशाचा पश्चात्ताप?" आणि बैल घेऊन चालू लागलात. पाद्रीसाहेबांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "शनिवारी पंच बोलवा. बैलांचा विषय घेऊ."

ते पंच गेल्या शनिवारी बसले. मंडळीचा कारकून म्हणून मी नेहमीप्रमाणे लिहायला होतो. पाद्रीसाहेब म्हणाले की नांगराला आशीर्वाद आणि बैलाला मज्जाव हे काही खरे नाही, प्रभू स्वतः गोठ्यात जन्मला. चार पंचांनी माना डोलावल्या. मग रंगनाथ मास्तर उठले. ते कधीही आवाज चढवत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, पान उघडले आणि तुमची जबानी वाचली:

"मी बैल पुजले, देवळासमोर उभे केले, आणि देवाला म्हणालो, यांच्याकडे बघ."

वही मिटून ते म्हणाले, "बैल आणायला माझी हरकत नाही. पण पुजणारा आणि आशीर्वाद मागणारा यांतला फरक ही मंडळी विसरली, तर मग भिमाजीला आपण बाहेर का बसवले? एक तर तो ठराव चूक, नाही तर हा विचार चूक. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. कोणता चूक ते मला कुणीतरी सांगा."

कुणीच काही सांगितले नाही. विषय ईस्टरनंतर घ्यायचे ठरले.

मीही काही सांगितले नाही.

आज इतकेच. वही माझ्यासमोर आहे. पान त्रेचाळीस.

हनोख

*

कृपापूर
बुधवार, ता. २४ एप्रिल १९३५

बाबांस,

खाजाभाई, तुम्हाला एक विनंती आहे. हे पत्र सुरू केले की शेवटपर्यंत वाचावे. बाबा मध्येच उठून गेले तर त्यांच्या मागे जाऊन वाचावे. ते "पुरं" म्हणाले तरी थांबू नये. हातात नाल असेल तर आधी खाली ठेवावा.

बाबा, पंचांसमोर तुम्ही "पुजले" म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणालात, "म्या बैल पुसले."

मी ऐकले होते. नदीवर धुऊन आणल्यावर तुम्ही त्यांना स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसलेत, हे मी डोळ्यांनी पाहिलेही होते. पण त्या खोलीत सगळे एकदम बोलत होते, जो तो पूजा, पूजा असेच म्हणत होता, आणि मी खाली मान घालून भराभर लिहीत होतो. माझ्या हाताने स च्या जागी ज लिहिला. ह्रस्व-दीर्घ सगळे बरोबर होते. तेवढे एकच अक्षर.

ते मला घरी आल्यावर, उतरवून आणलेली नक्कल वाचताना दिसले. वही तेव्हा मास्तरांच्या टेबलावर होती. शंभर पावलांवर. मी जायला हवे होते. गेलो नाही याचे कारण लिहितो, ते ऐकून तुम्हाला आणखी वाईट वाटेल. मला नोकरीला लागून सहा आठवडे झाले होते. मराठी पाचवीत शाळा सुटलेल्या मुलाला लिखाणाचे काम द्यावे का, असे दोघे पंच म्हणाले होते. तेव्हा मास्तरांनी सर्वांसमोर सांगितले होते, "हनोखच्या लिहिण्यात चूक दाखवा, मी त्याला काढून टाकतो." बाबा, मला नोकरीची भीती होती, पण त्याहून जास्त त्या वाक्याची होती. माझ्याविषयी तेवढे चांगले वाक्य आधी कुणी म्हटले नव्हते.

मला वाटले एका शब्दाने काय होणार, जुने साहेब फार तर दोन शब्द बोलतील. साहेबांनी तोच शब्द धरला. तुम्ही त्या कागदावर अंगठा केलात. तुम्हाला वाचता येत नाही आणि लिहिणारा तुमचा मुलगा होता, म्हणून तुम्ही विचारले नाही की काय लिहिले आहे.

नंतर तुम्ही म्हणू लागलात की हे सगळे रंगनाथ मास्तरांनी केले. मी ते तसेच चालू दिले.

काल पंच बसले. मास्तरांनी पुन्हा वही उघडली तेव्हा मी उठून उभा राहिलो. दौत सांडली. मी म्हणालो, "ते अक्षर चूक आहे. माझी चूक आहे. तेव्हाच कळले होते आणि मी सांगितले नाही." एवढे बोलून मी खाली बसणार होतो, पण पाद्रीसाहेब म्हणाले, "उभे राहूनच सगळे सांगा." मग सगळे सांगितले.

मास्तरांनी पान त्रेचाळीस जवळ ओढले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "भिमाजीने मला नाशिकच्या बाजारात उभ्याने शिव्या घातल्या. दोनदा. त्या आता तू घे."

मी म्हणालो, "घेतो."

"आणि ही चूक दुरुस्त कर. खोडायचे नाही. वर बरोबर अक्षर लिही, तारीख घाल, खाली सही कर. जे झाले ते दिसले पाहिजे."

मी तसे केले. मग मास्तरांनीच ठराव मांडला. त्यांचे शब्द मी लिहून घेतले आहेत, या वेळी प्रत्येक अक्षर त्यांना वाचून दाखवले: भिमाजी गांगुर्डे यांजवरील ठराव चुकीच्या कागदावर झाला, सबब तो पहिल्यापासून रद्द. पश्चात्ताप त्यांच्याकडे मागू नये. मंडळीने त्यांची क्षमा मागावी. नांगराच्या रविवारी सर्वांनी बैल आणावेत. पहिली जोडी भिमाजींची असावी, ते येत असल्यास.

पाचही हात वर झाले. पाद्रीसाहेबांनी विचारले, मला कामावरून काढायचे का. मास्तर म्हणाले, "चूक दाखवा म्हणालो होतो. ही त्याने स्वतः दाखवली. वही त्याच्याकडेच राहू द्या, आता त्याला भीती कळली आहे."

आईला मी घरी येऊन सांगितले. तिने भाकरी थापायची थांबवली नाही. तव्यावरची उलटली, ताटात घातली, माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "आधी मला सांगायचं होतं रे." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

बाबा, तुम्ही यावे असे मी म्हणू शकत नाही. ते म्हणण्याचा अधिकार मी घालवला. ठराव काय झाला एवढे कळवणे माझे काम आहे, ते केले.

हनोख

*

कृपापूर
सोमवार, ता. २० मे १९३५

परमप्रिय बाबांस सलाम.

तुमचे उत्तर नाही. खाजाभाईंचे कार्ड आले, त्यावर दोनच ओळी आहेत. "पत्र वाचलं. भिमाजी उठून गोठ्यात गेला, मी मागं जाऊन वाचलं. काय बोलला नाय. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणला, दोन्ही बैलांना नवे नाल ठोक."

मी ते कार्ड उलटेसुलटे करून पाहिले. काय बोलला नाय, एवढेच मला त्यात दिसले. शेवटी आईला वाचून दाखवले. ती सव्वीस दिवसांनी माझ्याशी बोलली.

"शेतात जायला नवे नाल कशाला लागतात?" ती म्हणाली. "नाल सडकंला लागतात."

एवढे बोलून ती शेण गोळा करायला गेली. तुमच्या जाण्यानंतर रिकामा पडलेला गोठा तिने काल सारवून घेतला आहे.  ती बरोबर असेल किंवा नसेल. नाल झिजले म्हणूनही माणूस नवे ठोकून घेतो.

तयारी अशी आहे. एकोणीस नांगर येणार. पाभरी, कुळव, जू, विळे, खुरपी, ज्याला जे आणायचे ते आणील. देवळाच्या पुढचे मैदान साफ केले आहे. बैल दक्षिणेच्या बाजूने येतील, म्हणजे सकाळची सावली मिळेल. लंकाबाई विचारते, कोंबड्या चालतील का. पाद्रीसाहेब म्हणाले, टोपलीत झाकून आणल्यास चालतील. आशीर्वादाची प्रार्थना पाद्रीसाहेबांनी रचली आणि मी चांगल्या जाड कागदावर उतरवली आहे. दोन पाने. सात दिवस लागले. तिच्यात एकही खाडाखोड नाही. मास्तरांनी तपासली.

सर्वात पुढे एका जोडीची जागा मोकळी ठेवली आहे. कुणी तिथे बैल आणू लागले तर मास्तर स्वतः हटकणार आहेत, तसे त्यांनी सांगितले आहे.

एवढेच कळवायचे होते.

हनोख

*

कृपापूर
सोमवार, ता. २७ मे १९३५

प्रिय खाजाभाईंस हनोखचा मनापासून सलाम.

हे पत्र तुम्हाला आहे. बाबांना वाचून दाखवायची गरज नाही, ते माझ्यासमोर बसून हौश्याच्या खांद्याला तेल चोळत आहेत आणि मी काय लिहितो ते मधून मधून विचारत आहेत. तुम्ही त्या दिवशी माझे ऐकून गोठ्यात त्यांच्या मागे गेलात. हातातले काम टाकून गेलात. म्हणून काल जे झाले ते सगळ्यात आधी तुम्हाला कळायला हवे.

बाबा शनिवारी दुपारी गिरणाऱ्याहून निघाले हे तुम्हाला माहीतच आहे. मुक्काम त्यांनी पंचवटीत नदीकाठी केला. रविवारी सकाळी बैलांना गोदावरीत धुतले. आम्हाला इथे काहीच माहीत नव्हते. साडेसात वाजले तरी पुढची जागा मोकळी होती. मैदान भरले होते. एकोणीस म्हणालो होतो, तेवीस नांगर आले. सोळा जोड्या, गाई, शेळ्या, टोपलीत लंकाबाईच्या कोंबड्या. शेजारच्या वाडीचे कारभारी नानाही आले होते, तिकडचे आठ-दहा शेतकरी बैलांसह बरोबर. ते कुंपणाबाहेरच उभे राहिले. मी दाराशी वही घेऊन होतो आणि रस्त्याकडे पाहायचे नाही असे ठरवून दर मिनिटाला पाहत होतो.

आधी आईने पाहिले. ती बायकांत बसली होती, एकदम उभी राहिली. मग मला नालांचा आवाज आला.

बाबा सरळ चालत माझ्यासमोर आले. ते किती बारीक झाले आहेत हे तुम्ही कळवले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कासरा माझ्या हातात दिला.

"हं, धर. ह्ये तरी नीट धरशील?"

मी धरला. 

"त्यो स आन् ज," ते म्हणाले, "मला दाखव कसा असतो."

मी खाली बसलो आणि मातीत बोटाने दोन्ही अक्षरे काढली. बाबा वाकून पाहत राहिले. गुलब्याही पाहत होता.

"येवढंच?"

"एवढंच, बाबा."

"येवढ्यासाठी वीस महिने मी कुसाच्या हातची आळणी आमटी खाल्ली?"

आजूबाजूचे सगळे हसत सुटले. मी रडत होतो, ते कुणी पाहिले नसावे. बाबांनी पाय फिरवून ती दोन्ही अक्षरे मातीत मिळवून टाकली. मग ते रंगनाथ मास्तरांकडे गेले. 

"मास्तर, तुमाला लय शिव्या दिल्या म्या."

"पोचल्या," मास्तर म्हणाले. "सगळ्या पोचल्या."

"मंग आता काय करायचं?"

"या पोराने घेतल्या त्या आपल्या अंगावर. आता तुम्ही आणि तो बघून घ्या." असे म्हणून मास्तरांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि मोठ्याने, सर्व मंडळीला ऐकू जाईल असे म्हणाले, "भिमाजी, मंडळी तुमची क्षमा मागते." मास्तरांचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

उपासना सुरू झाली. गायन झाले. शास्त्रवाचन झाले. पाद्रीसाहेब पांढऱ्या झग्यात दारातून खाली आले, त्यांनी एकेका नांगराच्या फाळावर हात ठेवला, पाभरीवर ठेवला, लहान मुलांनी पुढे केलेल्या खुरप्यांवर ठेवला. मग बैलांची पाळी. पहिली जोडी आपली. पाद्रीसाहेबांनी हौश्याच्या वशिंडावर डावा हात ठेवला आणि उजव्या हातात माझी दोन पाने धरून वाचायला सुरुवात केली. "हे सर्वसमर्थ परमेश्वरा," इथपर्यंत वाचले असेल. गुलब्याने मान लांब केली आणि कागद घेतला.

खाजाभाई, मी खोटे लिहीत नाही. दोन्ही पाने. मी कासरा ओढला तोपर्यंत एक कोपरा बाहेर होता, तोही आत गेला. सात दिवसांचे काम. गुलब्या डोळे मिटून चावत होता. पाद्रीसाहेब रिकाम्या हाताकडे पाहत उभे होते. मास्तरांनी कपाळावर हात मारला. लंकाबाईचा आवाज आला, "चांगली गोड लिवली असंल रं प्रार्थना!"

पाद्रीसाहेब बाबांकडे वळले. "भिमाजीबुवा, प्रार्थना तुमच्या बैलाने खाल्ली. आता तुम्हीच म्हणा."

"मला येत नाय."

"पोळ्याच्या दिवशी म्हटली होतीत ना?"

बाबांनी पागोटे काढले. बैलांच्या मधे जाऊन उभे राहिले, एक हात याच्या पाठीवर, एक त्याच्या. मी शेजारीच होतो. जे बोलले ते असे:

"देवा बापा, मी भिमाजी. तू वळखतो मला. ह्यो हौश्या, ह्यो गुलब्या. हौश्याचा डावा खांदा दुखरा हाय, तेवढा बघ. गुलब्या खादाड हाय, तुझा कागद त्याच्या पोटात गेलाय, तिथं तो सुखी ऱ्हाऊ दे. ह्याहीनी कधी गाणं म्हटलं नाय, पण रोज मान खाली घालून चालले, ती तू हजेरी धर. जू कोणाच्या मानंला काचू नको. फाळ दगडाला लागू नको. आमच्या हातातल्या चाबकाला जरा लाज दे. पाऊस तुझा तू बघ. आन् आज हितं जे जे बैल हायेत त्या समद्यांना, मालक कोणीबी असू दे, तुझा हात लागू दे. आमेन."

आमेन असे निघाले की बैल बुजले. कुंपणाबाहेरूनसुद्धा कुणीतरी आमेन म्हणाले. ते कारभारी नाना होते. ते पुढे येऊन म्हणाले, "पाद्रीबाबा, आमचे बैल हिंदू हायेत, चालतील का?"

पाद्रीसाहेब म्हणाले, "बैलाने अजून मला धर्म सांगितलेला नाही. आत आणा."

दहा जोड्या आत आल्या. घुंगरांनी मैदान भरून गेले. पाद्रीसाहेब एका बैलापासून दुसऱ्याकडे जात होते, झग्याला शेण लागले होते, शेळ्या पायात येत होत्या, आणि ते प्रत्येकाचे नाव मालकाला विचारून त्या नावाने आशीर्वाद देत होते. सत्तावीस जोड्यांची चौपन्न नावे. मी सगळी लिहून घेतली आहेत. बाबांची प्रार्थनाही वहीत उतरवली आहे. 'वळखतो' हेच बरोबर आहे, असे मास्तर म्हणाले.

त्यानंतर घंटा झाली. प्रभुभोजनासाठी, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या हातून प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, सगळे आत जाऊ लागले. आई दारात थांबली होती. बाबा पायरीपर्यंत गेले, वळले, बैलांकडे पाहिले. बैल दारातच उभे होते, पण ते धरायला कुणीतरी हवे होते. इतक्या माणसांत आणि जनावरांत त्यांना मोकळे सोडता आले नसते.

मी म्हणालो, "बाबा, जा तुम्ही. मी धरतो."

ते आत गेले. वहाणा पायरीवर काढून ठेवल्या होत्या. म्हणून खाजाभाई, आत काय झाले ते मला सांगता येत नाही. मी बाहेर होतो. दोन्ही कासरे दोन हातांत, हौश्या डावीकडे, गुलब्या उजवीकडे. उन्हे वर आली होती. आतून पाद्रीसाहेबांचा आवाज येत होता, मग एकेका माणसाचे पाऊल, आणि मग मला आईचा हुंदका ऐकू आला. तिचा आहे हे मला लगेच कळले. मी कासरे घट्ट धरून ठेवले.

बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले. तोंडावरून हात फिरवत होते. त्यांनी पायरीवर उभे राहून वहाणा घातल्या, माझ्याजवळ आले आणि माझ्या दोन्ही मुठी उघडून कासरे काढून घेतले.

"पाद्री थांबलाय," ते म्हणाले. "जा. आता तुजी पाळी."

मी आत गेलो.

तुमचा,
हनोख भिमाजी गांगुर्डे